चढावर मधेच मरणारी बॅटरी गाडी: सोलेनॉइड बदलला, पेडलचा स्विच बदलला, आता काय?

बांधावरचा | १२ मे, रात्री ९:४०

मंडळी, मे महिना, घरात पाहुणे आणि गाडी रुसलेली. जरा मदत करा.

गुहागर तालुक्यात आमचं घर. आगरात चार खोल्या पर्यटकांसाठी काढल्यात. रस्ता वर, घर खाली, मधे जांभ्या चिऱ्यांची फरसबंदी केलेला तीनशे मीटरचा चढ. पूर्वी पाहुण्यांच्या बॅगा डोक्यावरून आणायचो. दोन वर्षांपूर्वी घाटावरचं एक रिसॉर्ट बंद झालं, तिथून सहा सीटची जुनी गोल्फ कार्ट उचलली. ४८ व्होल्टची आहे, आठ-आठ व्होल्टच्या सहा लेड अ‍ॅसिड बॅटऱ्या. बॅटऱ्या गेल्या वर्षी मार्चात नव्या टाकल्या.

लक्षण असं. सकाळच्या पहिल्या दोन फेऱ्या मस्त होतात. तिसऱ्या-चौथ्या फेरीला, माणसं भरलेली असताना, चढाच्या मध्यावर काजूच्या झाडाशी गाडी एकदम मरते. आधी हळू होत नाही, गचके देत नाही. आहे, आहे, नाही. मग हँडब्रेक ओढायचा, मागच्या चाकाला चिरा लावायचा आणि पाहुण्यांना काजूची माहिती सांगत उभं राहायचं. पाच मिनिटांनी पेडल दाबलं की जणू काही झालंच नव्हतं.

रत्नागिरीहून एक मेकॅनिक बोलावला. त्याने सोलेनॉइड (मोटरचा जाड करंट जोडणारा-तोडणारा चुंबकी स्विच) बदलला, जाता जाता पेडलखालचा मायक्रोस्विचही बदलला. मजुरी धरून साडेसहा हजार. दोन दिवस बरी चालली, तिसऱ्या दिवशी त्याच काजूखाली ठप्प. आता तो म्हणतो कंट्रोलर (मोटरला किती करंट द्यायचा ते ठरवणारा डबा) गेलाय, अठ्ठावीस हजार लागतील. ते घालण्याआधी म्हटलं इथे विचारावं.

बॅटऱ्यांचा एकूण व्होल्टेज सकाळी ५०.६. माझ्याकडे साधा मल्टीमीटर आहे आणि तो धरता येतो, एवढंच माझं ज्ञान.

---

उनाड_मैना | १२ मे, रात्री ९:५२

काजूखालीच थांबते म्हणजे गाडीला हुर्राक (काजूची दारू) चढतोय. झाडाला नारळ द्या.

---

फ्लोरिडाकर | १२ मे, रात्री १०:१५

आमच्याकडे फ्लोरिडात गोल्फ कार्ट म्हणजे तुमच्याकडची स्कूटी. द व्हिलेजेस नावाची निवृत्तांची मोठी वसाहत आहे, तिथे लोक किराणा आणायलाही कार्टनेच जातात. मी स्वतः अकरा वर्षं दोन गाड्या सांभाळतोय.

माझा पैसा बॅटरीवर. ५०.६ हा बसल्या जागेचा आकडा आहे, त्यावर जाऊ नका. बसलेला पहिलवान आणि बसलेला आजारी माणूस लांबून सारखेच दिसतात. आठ व्होल्टच्या बॅटरीत चार सेल असतात. त्यातला एक जरी बसला तरी आरामात असताना ती ८.३-८.४ दाखवते आणि चढावर सहाच्या खाली आपटते. चढावर असताना प्रत्येक बॅटरी वेगळी मोजा. आणि हायड्रोमीटरने आतल्या अ‍ॅसिडची ग्रॅव्हिटी (घनता) बघा. पूर्ण चार्जला १२६५ ते १२८० यायला हवी, आणि आकड्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे सगळ्या सेलमध्ये जवळपास सारखी.

---

मीटरवाली | १२ मे, रात्री ११:०५

कंट्रोलरचे पैसे अजिबात देऊ नका. आधी तीन प्रश्न.

१. गाडी मेली असताना पाय काढून पेडल पुन्हा दाबलं की सीटखालून 'टक' असा आवाज येतो का?
२. त्या वेळी हेडलाइट लावून बघितलात का? पेटतो, मिणमिणतो, की नाहीच?
३. रिव्हर्सला टाकल्यावर बझर वाजतो का?

असं का विचारतेय ते सांगते. या गाडीत दोन वेगळे रस्ते आहेत. एक बारीक वायरींचा: बॅटरीतून चावी, तिथून पेडलचा मायक्रोस्विच आणि पुढे सोलेनॉइडची कॉइल. यातून जेमतेम एखादा अँपिअर जातो. दुसरा जाड केबलींचा: बॅटऱ्या, सोलेनॉइडचे मोठे संपर्क, कंट्रोलर, मोटर. यातून चढावर शंभराच्या आसपास अँपिअर जातात. 'टक' म्हणजे बारीक रस्ता शेवटपर्यंत पोचला. 'टक' आला आणि गाडी हलली नाही तर दोष जाड रस्त्यात. 'टक' आलाच नाही तर बारीक रस्त्यात. एका कानाने अर्धी गाडी बाद करता येते, आणि तेही फुकट.

---

बांधावरचा | १३ मे, सकाळी ७:२०

उनाड, नारळ आमच्याकडे पडलेत, प्रश्न तो नाही. :)

मीटरवाली ताई, आज पहाटेच सहा जणांना बसवून मुद्दाम दोन फेऱ्या जास्त मारल्या. मेली एकदाची. टक येतो, स्पष्ट येतो. हेडलाइट जसाच्या तसा, जराही मंद नाही. बझर वाजतो.

बायको म्हणते मागच्या आठवड्यात एकदा अंगणात गाडी थांबली तेव्हा टक आला नव्हता. मी तिथे नव्हतो. समुद्राच्या वाऱ्यात तिला ऐकू आला नसेल.

---

मीटरवाली | १३ मे, सकाळी ९:३०

वा. हे उत्तर अठ्ठावीस हजारांचं आहे.

सहा बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या आहेत. त्यांच्यामधली एखादी केबल तुटली असती तर सगळंच मेलं असतं, दिवा, बझर, टक, सगळं. दिवा जराही मंद नाही म्हणजे बॅटऱ्यांची माळ शाबूत आहे. उरलं काय: माळेच्या दोन टोकांपासून पुढचा भाग. म्हणजे सोलेनॉइडचे मोठे संपर्क, पॉझिटिव्हची जाड केबल, निगेटिव्हची जाड केबल, कंट्रोलर, मोटरच्या केबली आणि मोटरचे कार्बन ब्रश.

एक बघून घ्या. दिव्याची आणि कॉइलची निगेटिव्ह वायर थेट बॅटरीच्या टोकावर आहे, की कंट्रोलरच्या बाजूला? कंट्रोलरच्या बाजूला असेल तर वरचं गणित बदलेल.

(बायकोचं ऐकणं टिपून ठेवा. फेकू नका.)

---

एसटीवाले_आजोबा | १३ मे, सकाळी १०:१०

बत्तीस वर्षं डेपोत इलेक्ट्रिशियन होतो. ताईंचं बरोबर आहे. माझी भर एवढीच: गरम होऊन मरतंय आणि थंड होऊन जगतंय, तर हात लावून बघा. गाडी मेली की लगेच सीट उचला आणि केबलचं एकेक थिंबल (टोकाला दाबून बसवलेली धातूची टोपी) उलट्या बोटाने चाचपा. बाकी कोमट आणि एक चटका देणारं असेल तर चोर सापडला. मीटर नव्हता तेव्हा आम्ही असंच शोधायचो.

पण आधी हातातलं कडं, अंगठी, घड्याळ काढा. गळ्यातली चेन शर्टाच्या आत. पान्ह्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा. ४८ व्होल्टचा झटका फारसा लागत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात, पण पान्हा दोन टोकांवर आडवा पडला तर तो वेल्डिंग होतो. चार्जिंग नुकतंच झालं असेल तर विडी लांब. हायड्रोजन असतो तिथे.

---

तळेगावचा_माळी | १३ मे, दुपारी १:४५

मी एका टाउनशिपमध्ये १४ गाड्या बघतो. वायरी सोडायच्या आधी सीटखालचा 'रन-टो' (चालवणे-ओढून नेणे) स्विच टोवर करा, मग बॅटरीची केबल काढा. उलट केलं तर कंट्रोलरला ठिणगी बसते. आणि नवा सोलेनॉइड लावताना जुन्यावरचा रेझिस्टर आणि डायोड नव्यावर घेतला का ते बघा. आमच्या एका पोराने रेझिस्टर काढून डब्यात ठेवला होता, 'जास्तीचा वाटला' म्हणाला. तो नसेल तर प्रत्येक टकला संपर्कांवर ठिणगी पडते आणि नवा सोलेनॉइड लवकर जळतो.

---

बांधावरचा | १३ मे, रात्री १०:३०

रेझिस्टर, डायोड दोन्ही जागेवर. दिव्याची आणि कॉइलची निगेटिव्ह वायर थेट बॅटरीच्या टोकावरच आहे.

हात लावून बघितलं. सगळ्या थिंबलांवर काळी रबरी नळी आहे, त्यामुळे बोटाला काही फरक कळला नाही. एक जरा जास्त गरम वाटलं, पण आमच्याकडे सध्या सगळंच गरम आहे.

शेजाऱ्याचा क्लॅम्प मीटर आणला. केबलला लावला तर चढावरही शून्य दाखवतो! शंभर अँपिअर कुठे गेले?

---

मीटरवाली | १३ मे, रात्री ११:१५

तो एसीचा क्लॅम्प असणार. घरच्या वायरिंगसाठी मिळतो तो बहुतेक एसीपुरताच असतो, डीसी त्याला दिसत नाही. परत करा.

करंट आपण हिशेबाने काढू. गाडी, माणसं, बॅगा मिळून साडेनऊशे किलो धरा. चढ साधारण दहात एक. वर ओढायला ९३० न्यूटन, चाकांच्या घर्षणाचे १८०-१९०, म्हणजे ११०० च्या जरा वर. ताशी दहा किलोमीटरने चढलात तर तीन किलोवॅटला थोडं जास्त. मोटर आणि गिअरमधली गळती धरून बॅटरीतून सव्वाचार किलोवॅट निघतात. भागिले ४६ व्होल्ट. नव्वद ते शंभर अँपिअर.

आता मोजायचं कसं. चढ चढत असतानाच मोजायचं, थांबल्यावर नाही. करंट नसताना खराब जोडही शहाण्यासारखा वागतो.

पहिली फेरी: सहाही बॅटऱ्या एकेक, मग माळेची दोन टोकं, मग कंट्रोलरच्या बॅटरीकडच्या दोन पट्ट्या. सगळे आकडे इथे लिहा. मीटरच्या वायरी लांब करून घ्या आणि गाडी दुसऱ्या कोणाला चालवू द्या. पाहुणे बसवू नका, सिमेंटच्या गोणी ठेवा.

---

फ्लोरिडाकर | १४ मे, पहाटे ५:०५

मी अजूनही बॅटरीच म्हणतो. पैज लावा.

---

बांधावरचा | १४ मे, रात्री ९:१५

आजचा दिवस लक्षात राहील. बायको चालवायला, मी मागच्या उलट्या सीटवर, मांडीवर मीटर, मधे सिमेंटच्या सहा गोणी आणि भाचा वही घेऊन. वाडीतल्या लोकांना वाटलं आम्ही घर सोडून चाललो.

चढावर, त्याच टप्प्यात:
बॅटऱ्या अनुक्रमे ८.०१, ७.९८, ८.०२, ७.९०, ७.९६, ७.९३. भाच्याने बेरीज केली, ४७.८०.
माळेच्या दोन टोकांना ४७.५.
कंट्रोलरपाशी ४४.४.

ग्रॅव्हिटी सगळ्या सेलची १२५५ ते १२७० च्या मधे. एक सेल १२४५.

---

फ्लोरिडाकर | १४ मे, रात्री १०:००

पैज हरलो. बॅटऱ्या ठणठणीत आहेत. (१२४५ वाल्या सेलवर लक्ष ठेवा तरी.)

---

मीटरवाली | १४ मे, रात्री १०:२०

वहिनींना आणि भाच्याला दंडवत. इतके स्वच्छ आकडे मला कामावरही कोणी देत नाही.

बघा: बॅटऱ्यांच्या बेरजेपासून टोकांपर्यंत ०.३ गेले. पाच जोडकेबली आहेत, प्रत्येकी ०.०६. चांगलं आहे. पण टोकांपासून कंट्रोलरपर्यंत ३.१ व्होल्ट गायब. ते कुठेतरी उष्णता होऊन बसलेत. ३.१ गुणिले पंचाण्णव म्हणजे जवळपास तीनशे वॅट. पंचवीस वॅटचे बारा सोल्डरिंग आयर्न एकाच जागी लावून ठेवल्यासारखं. गाडी तिसऱ्या फेरीलाच का मरते ते यातच आलं.

आता मीटर २० व्होल्टवर घ्या आणि जाड रस्त्याचा एकेक तुकडा मोजा. सोलेनॉइडच्या दोन मोठ्या बोल्टमध्ये. पॉझिटिव्ह केबलच्या दोन टोकांत. निगेटिव्ह केबलच्या दोन टोकांत. चांगल्या तुकड्यावर शून्य पॉइंट शून्य काहीतरी येईल. एक प्रोब बॅटरीच्या शिशाच्या खांबावर टेकवा, थिंबलवर नाही. नाहीतर खांब आणि थिंबल यांच्यामधली घाण मोजायची राहते.

---

बांधावरचा | १५ मे, संध्या. ७:५०

सोलेनॉइड ०.०८. पॉझिटिव्ह केबल ०.१५.
निगेटिव्ह केबल २.८!!!

खांब ते थिंबल फक्त ०.०३. म्हणजे नटबोल्ट घट्ट आहे, घाणही नाही. खराबी केबलमध्येच. थिंबलवरची काळी नळी ब्लेडने कापली आणि आतून हिरवट-निळी भुकटी पडली. मोरचुदासारखी. तांब्याच्या तारांपैकी पंचवीस-तीस चमकत होत्या, बाकी बोटाने चुरगळल्या. वरून ती नळी इतकी नवीकोरी दिसत होती की मेकॅनिकलाच काय, मलाही संशय आला नसता.

अवांतर: बायको म्हणाली, 'साडेसहा हजार घालून काढलेला सोलेनॉइड चांगलाच होता तर.'

---

एसटीवाले_आजोबा | १५ मे, रात्री ८:३०

बॅटरीच्या टोकाला असंच होतं. अ‍ॅसिडचा वाफारा नळीच्या तोंडातून आत शिरतो, तारा वातीसारख्या ते ओढून घेतात. त्यात तुमची खारी हवा. नळी ओलावा बाहेर ठेवत नाही, आत कोंडून ठेवते. उरलेल्या तारा तापल्या की सैल होतात, संपर्क सुटतो. गार झाल्या की पुन्हा चिकटतात.

नवी केबल करताना थिंबल दाबून झाल्यावर वरून सोल्डर भरा. मी कायम भरत आलो.

---

फ्लोरिडाकर | १५ मे, रात्री ९:१०

आजोबा, माफ करा, इथे सहमत नाही. सोल्डर तारांमधून वर चढतो आणि जिथे संपतो तिथे केबल काडीसारखी कडक होते. गाडीच्या हादऱ्याने नेमकी तिथेच मोडते. नीट दाबलेल्या थिंबलला सोल्डर लागत नाही. आणि नीट दाबलेलं नसेल तर सोल्डरने झाकून काय उपयोग?

---

एसटीवाले_आजोबा | १५ मे, रात्री ९:४०

तुमच्याकडे हायड्रॉलिक क्रिंपर (थिंबल दाबायचं हत्यार) घरोघरी असतील. आमच्याकडे हातोडा आणि छिन्नी होती. छिन्नीने ठोकलेल्या थिंबलला सोल्डरशिवाय गती नाही. बत्तीस वर्षांत माझी एकही केबल तुटली नाही, आता बोला.

---

मीटरवाली | १५ मे, रात्री १०:००

दोघेही आपापल्या हत्यारापुरते बरोबर. :) बांधावरचा, जवळ सबमर्सिबल पंपांचं दुकान असेल तर तिथे क्रिंपर नक्की असतो. वेल्डिंगवाल्याकडची तांब्याची लवचिक केबल घ्या, ३५ स्क्वेअर एमएम. तुमची मूळ केबल बहुधा १६ च्या आसपास असेल. कथील चढवलेलं तांब्याचं थिंबल घ्या, अ‍ॅल्युमिनियमचं अजिबात नको. नळी आतून गोंद असलेली मागा, गरम केल्यावर तोंडातून गोंद जरा बाहेर आला पाहिजे. आणि एक बदलताय तर दोन्ही टोकांच्या केबली बदला, वय दोघींचं एकच.

जुन्या बॅटरीपेटीत पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर पाण्यात खाण्याचा सोडा कालवून ब्रशने धुवा, फेस थांबेपर्यंत. बॅटरीची झाकणं घट्ट असू द्या, सोडा आत गेला तर आतलं अ‍ॅसिड निकामी करेल.

---

बांधावरचा | १९ मे, रात्री ९:३०

चिपळूणला सबमर्सिबल पंपवाल्याकडे दोन्ही केबली दाबून आणल्या, गोंदवाली नळीही मिळाली. सगळं मिळून अकराशे चाळीस रुपये. आज पूर्ण भरून सात फेऱ्या मारल्या. कंट्रोलरपाशी चढावर ४७.२. गाडी आधीपेक्षा जोरात चढते, हे मला अपेक्षितच नव्हतं. इतके दिवस ती दम लागलेली होती आणि आम्हाला कळलंच नाही.

सर्वांचे आभार. पुढच्या मे महिन्यात या, आंबे माझ्याकडून.

---

अर्धवट_अभियंता | १९ मे, रात्री ११:००

धागा वाचनखुणेत टाकला. माझी गाडी बारा व्होल्टच्या चार बॅटऱ्यांची आहे, पण तर्क तोच लागेल ना?

---

मीटरवाली | १९ मे, रात्री ११:२०

तोच. फक्त एकेका बॅटरीचे आकडे दीडपट वाचायचे.

---

बांधावरचा | २८ मे, रात्री ८:१०

आंबे परत घेतो.

आज गाडी पुन्हा मेली. चढावर नाही, अंगणाच्या वरच्या सपाट पाखाडीवर, एकटा मीच होतो, गाडी थंड होती. आणि टक आला नाही. दोनदा दाबलं, तिसऱ्यांदा टक आला आणि चालू. हेडलाइट पूर्ण वेळ पेटलेला. बायकोने काही न बोलता फक्त बघितलं.

---

उनाड_मैना | २८ मे, रात्री ८:१५

वहिनींची जाहीर माफी मागितल्याशिवाय पुढचा प्रतिसाद देऊ नये अशी मॉडरेटरना विनंती.

---

बांधावरचा | २८ मे, रात्री ८:४०

मागितली. घरी मागितली, इथेही मागतो.

---

मीटरवाली | २८ मे, रात्री ९:३०

म्हणजे दोन आजार होते आणि पहिल्याने दुसऱ्याला झाकलं होतं. या वेळी बारीक रस्ता. आठवून सांगा: टक न येण्याचा प्रकार मेकॅनिक येऊन जायच्या आधी कधी झाला होता का?

---

बांधावरचा | २८ मे, रात्री ९:५०

बायकोला विचारलं. ती म्हणते नाही. आधी टक कायम यायचा, नेमकं तेच तिने त्याला सांगितलं होतं आणि त्याने ऐकलं नाही.

---

मीटरवाली | २८ मे, रात्री १०:१५

मग जे नंतर हात लावलेलं आहे तिथून सुरुवात: सोलेनॉइडच्या कॉइलच्या दोन बारीक वायरी आणि पेडलचा नवा मायक्रोस्विच.

पण पुन्हा अंदाजाने काही बदलू नका. क्षणभर येऊन जाणारा दोष मीटर हातात घेईपर्यंत पळतो, म्हणून त्याच्यावर पहारा बसवा. ई-रिक्षाच्या स्पेअर पार्टच्या दुकानात ४८ व्होल्टचे छोटे डिजिटल व्होल्टमीटर मिळतात, दोन-अडीचशेला. दोन घ्या. एक चावीच्या पुढे आणि निगेटिव्हला, दुसरा पेडलच्या स्विचच्या पुढे आणि निगेटिव्हला. दोन्ही डॅशबोर्डवर टेपने चिकटवा. वायरीत एकेक छोटा फ्यूज टाका.

गाडी मेली की पाय न हलवता फक्त बघा. दोन्ही पेटलेले: दोष कॉइलकडे. पहिला पेटलेला, दुसरा विझलेला: पेडलचा स्विच किंवा त्याच्या वायरी. दोन्ही विझलेले: चावी किंवा तिच्या मागे.

---

तळेगावचा_माळी | २९ मे, सकाळी ६:३०

उंदीर पण बघा. बॅटरीपेटी आणि फरशीखालचा भाग. आमच्या निम्म्या 'इलेक्ट्रॉनिक' तक्रारी उंदरांच्या असतात. आणि मायक्रोस्विचमध्ये मुंग्या. खरंच सांगतोय, दोन संपर्कांमध्ये चिरडलेली मुंगी म्हणजे उत्तम इन्सुलेटर.

---

बांधावरचा | १ जून, दुपारी २:००

तीन दिवस दोन मीटर लावून फिरलो. पाहुण्यांच्या मुलांना वाटलं विमान आहे. आज पाखाडीवर खडखडाटात मेली. पहिला ५०.१, दुसरा शून्य. पाय तसाच ठेवून भाच्याला खाली वाकून बघायला सांगितलं. तो म्हणाला, 'मामा, हा डबा हलतोय.'

नवा मायक्रोस्विच दोन स्क्रूंवर बसायला हवा, एकच लावलेला होता. दुसरं भोक रिकामं. त्या एका स्क्रूभोवती स्विच फिरायचा आणि पेडलची पट्टी त्याला जेमतेम टेकायची. चिऱ्यावरून हादरा बसला की सुटायची. स्विच चांगला, वायर चांगली, स्क्रू नाही. माझ्याच पेटीतला एक स्क्रू आणि स्प्रिंग वॉशर लावला. खर्च शून्य.

---

एसटीवाले_आजोबा | १ जून, दुपारी ३:१५

दुरुस्तीनंतर आलेला दोष दुरुस्तीतच शोधावा, हे आमचे चार्जमन रोज सांगायचे. उरलेला स्क्रू त्या मेकॅनिकच्या खिशात असणार.

---

अर्धवट_अभियंता | १ जून, संध्या. ६:४०

एवढी कटकट करण्यापेक्षा लिथियम का नाही टाकत? वजनही कमी होईल.

---

मीटरवाली | १ जून, रात्री ८:००

टाकता येईल. त्या सहा लेड अ‍ॅसिड मिळून पावणेदोनशे किलोच्या आसपास भरतात, चढावर तेवढं ओझं कमी होणं मोठं आहे. पण चार्जर बदलावा लागेल, आणि बीएमएस (लिथियम बॅटरीची राखण करणारं सर्किट) चढावरचा करंट सहज देईल असा निवडावा लागेल. तो कमी पडला तर चढाच्या मध्यावर स्वतःच सगळं तोडतो. मग पुन्हा काजूखाली, आणि या वेळी दिवाही नाही. सडलेली केबल लिथियमलाही सडलेलीच असते.

---

फ्लोरिडाकर | १ जून, रात्री ८:३०

पावसाळ्यासाठी दोन गोष्टी. गाडी वापरात नसली तरी महिन्यातून एकदा पूर्ण चार्ज करा, अर्धी चार्ज ठेवलेली लेड अ‍ॅसिड आतून खडू होते. पाणी चार्ज झाल्यावर भरा, आधी नाही. आधी भरलं तर चार्जिंगला फुगून बाहेर येतं, आणि तुमच्या त्या केबलला काय झालं ते बघितलंच आहे. आधी फक्त प्लेटा उघड्या नाहीत ना एवढं बघायचं.

---

बांधावरचा | १ जून, रात्री ९:००

हे पाणी मी नेहमी संध्याकाळी चार्जिंगला लावायच्या आधी भरायचो! काठोकाठ. आणि वर सांडलेलं फडक्याने पुसून तेच फडकं निगेटिव्हच्या टोकाशी खोचून ठेवायचो.

---

एसटीवाले_आजोबा | १ जून, रात्री ९:१०

आं??

---

मीटरवाली | १ जून, रात्री ९:१२

फडकं आत्ताच्या आत्ता काढा.

---

बांधावरचा | १ जून, रात्री ९:२५

काढलं. हातात घेतलं तर चाळणी झालेली.

---

बांधावरचा | ९ जून, सकाळी ८:०५

काल पाऊस लागला. शेवटचे पाहुणे परवा गेले. तोवर रोज आठ-नऊ फेऱ्या, एकदाही थांबली नाही. एक व्होल्टमीटर डॅशबोर्डवर कायमचा बसवून टाकला, दुसरा भाचा घेऊन गेला. जुना सोलेनॉइड घासूनपुसून तेल लावून डब्यात ठेवलाय. कोणाला ४८ व्होल्टचा हवा असेल तर सांगा, फुकट देतो. चांगला आहे, हे आता इथल्या सगळ्यांना माहीत आहे.

---

अर्धवट_अभियंता | ९ जून, सकाळी ८:२०

मला हवाय. कॉइल ४८ चीच आहे ना, की ३६ ची?

---

बांधावरचा | ९ जून, सकाळी ८:३१

थांबा, वाचतो. ४८ लिहिलंय. बायकोकडूनही वाचून घेतलं.